टाकीतली वाम आणि मांजरीची हदीस

'घरात मासे पाळणं जायज आहे का?' हा प्रश्न वर्षातून दोन-चारदा तरी कुणी ना कुणी विचारतं. उत्तर सोपं आहे, जायज आहे. हजरत अनस यांच्या धाकट्या भावाने, अबू उमैरने, एक छोटा पक्षी पाळला होता. तो मेल्यावर हिरमुसलेल्या त्या मुलाची प्रेषितांनी (स.) मायेने, थोडं खेळकरपणे विचारपूस केली. पक्षी का ठेवलास म्हणून ते रागावले नाहीत. यावरून फकीहांनी पाळण्याची मुभा काढली. इब्नुल कास या शाफई फकीहांनी तर एवढ्याशा हदीसमधून साठ मुद्दे काढून स्वतंत्र पुस्तिका लिहिली.

पण हल्ली विचारणाऱ्याच्या मनात गप्पी किंवा गोल्डफिश नसतो. त्याला खाऱ्या पाण्याची टाकी हवी असते आणि त्यात वाम. कालवणात पडते ती वाम नव्हे, तर प्रवाळाच्या कपारीत राहणारी तिची लांबची बहीण, मोरे ईल. वाम खाण्याबद्दल मसलकांमध्ये मतभेद आहेत. कोकणातले आम्ही शाफई आणि बहुतेक हनफीही ती खातात, शिया बांधव खवले नाहीत म्हणून टाळतात. पाळताना मात्र खवल्यांपेक्षा पोटाचा प्रश्न मोठा असतो.

म्हणून अबू उमैरच्या पक्ष्याबरोबर दुसरी हदीसही वाचायला हवी. एका बाईने मांजर कोंडून ठेवलं आणि ते उपाशी मेलं. त्यापायी ती जहन्नममध्ये गेली. तिचा गुन्हा नेमका काय, हेही हदीसमध्ये आलं आहे. तिने स्वतः खायला घातलं नाही आणि जमिनीवरचे किडेमकोडे खायला मोकळंही सोडलं नाही. म्हणजे पाळणाऱ्यापुढे दोन वाटा असतात, पोसा किंवा सोडा. दोन्ही बंद झाल्या की मुभा संपली.

आता रिबन ईल घ्या. लहानपणी काळीभोर आणि पाठीवर पिवळी झालर, पुढे निळी, शेवटी पूर्ण पिवळी. नाकपुड्या पाकळ्यांसारख्या फुललेल्या. दुकानातल्या टाकीत ती फितीसारखी लहरत असते आणि बघणारा खिशात हात घालतो. पण पकडून आणलेल्या बहुतेक रिबन ईल टाकीत अन्नाला तोंडच लावत नाहीत. कोळंबी ठेवा, जिवंत मासा सोडा, ती बघत राहते आणि काही आठवड्यांत खंगून मरते. अनुभवी पाळणाऱ्यांच्याही हातात ती क्वचितच टिकते. 'लागेल खायला हळूहळू,' असं दुकानदार म्हणतो, कारण त्याला आज विकायची असते.

बरं, सोडायची म्हटलं तर कुठे? इंडोनेशियाच्या किंवा फिलिपिन्सच्या प्रवाळातून विमानाने आलेली वाम वर्सोव्याच्या गढूळ पाण्यात सोडणं म्हणजे तिला दुसऱ्या जागी मारणं, शिवाय टाकीतले रोग समुद्राला देणं. त्या बाईला निदान दार उघडता आलं असतं, इथे दारच नाही. रिबन ईल विकत घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे. फतवा नव्हे, पण यात मला दुसरी बाजू दिसत नाही.

स्नोफ्लेक मोरेची गोष्ट वेगळी. पांढऱ्या अंगावर काळे-पिवळे ठिपके असलेली ही वाम बहुधा खायला लागते आणि नीट ठेवली तर दहा वर्षांहून जास्त जगते. तिचे दात बोथट, खेकडे-कोळंबी फोडायचे. ती सारखं तोंड उघडते-मिटते ते धमकावायला नव्हे, कल्ल्यांवरून पाणी खेळवायला. मोरेंच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते. ती पुढे येऊन भक्ष्य आत ओढते, हे कॅलिफोर्नियातल्या रीटा मेहता आणि पीटर वेनराइट यांनी 2007 साली चित्रफितींवरून दाखवलं. अशा जीवाकडे रोज बघायला मिळावं ही इच्छा मला समजते. अल्लाहची कारागिरी बघण्यात गैर काय?

पण तिला पोसणं म्हणजे कोळंबी टाकणं एवढंच नाही. ती दोन-तीन फूट वाढते, तेव्हा तीनशे लिटरच्या आसपास टाकी हवी. ते पाणीच तीनशे किलोंवर, काच आणि दगड वेगळे. जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने आधी जमिनीचा विचार करावा. लिटरला सुमारे 35 ग्रॅम मीठ, तेही खास समुद्री, स्वयंपाकाचं नव्हे. जुहूचं पाणी बादलीने आणून चालत नाही, त्यात काय काय येतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. टाकीत जिवाणू स्थिरावून अमोनिया शून्यावर यायला महिना-दीड महिना लागतो, तोवर टाकी रिकामीच ठेवायची. पाणी 24 ते 27 अंशांवर हवं, म्हणजे मे महिन्यात चिलर आलाच. कोकणात पावसाळ्यात लाइट जाते, त्यासाठी बॅटरीवरचा हवेचा पंप. (जिवंत प्रवाळ मात्र आणू नका, वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे.)

आणि झाकण! नळी जाते तेवढ्या फटीतूनही वाम निसटते आणि सकाळी कपाटामागे वाळलेली सापडते. तिची नजर कमजोर, नाक तीक्ष्ण. कोळंबीचा वास लागलेलं बोट ती कोळंबीच समजते, म्हणून खाऊ चिमट्यानेच द्यायचा. मोठ्या वामेला आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. ईदला गावी गेलात तर शेजाऱ्याला हे सगळं शिकवून जायचं.

हा खर्च आणि वेळ ज्याच्याकडे आहे, त्याने स्नोफ्लेक जरूर पाळावी. मात्र पैसे देण्याआधी दुकानदाराला सांगावं, माझ्यासमोर हिला खाऊ घाल. तिने चिमट्यातली कोळंबी ओढून घेतली तर पुढचं बोलावं. 'आताच खाल्लंय' म्हणाला, तर परवा परत जाऊन बघावं.