बॅटरी ‘गेली’ म्हणण्याआधी...

चवथीच्या तयारीच्या यादीत हल्ली एक नवे कलम आले आहे. माटोळीचे सामान, करंज्यांचे पुरण, भजनी मंडळींचा चहा आणि त्याखाली ‘इन्व्हर्टरची बॅटरी बघून घेणे’. ऐन आरतीत वीज गेली आणि इन्व्हर्टरने दहा मिनिटांत शिट्टी वाजवली, की घरातून एकच निकाल येतो : बॅटरी गेली! दुकानदार येतो, वरवर बघतो, मान हलवतो. दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी हजर, जुनी त्याच्याच टेंपोतून रवाना. पंधरा-सोळा हजार रुपये गेले. कशामुळे गेले ते मात्र कोणी विचारत नाही.

माझे म्हणणे एवढेच, की हा निकाल आपण पुराव्याशिवाय मान्य करतो. आम्हा कचेरीतल्या माणसांना जुनी खुर्ची बाद करायची तरी फायलीवर कारण लिहावे लागते. घरातली एवढी महागडी वस्तू मात्र आपण एका शब्दावर बाद करून टाकतो.

हिवाळ्यात मोरजी-हरमलच्या बाजूला कधीमधी परदेशी नंबरप्लेटची एखादी घरगाडी उभी दिसते. आत बिछाना, चूल, छोटा फ्रिज. अशा गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करण्यापुरती : तिच्या प्लेटा पातळ असतात आणि ती काही सेकंदांत शेकडो अँपिअर देऊन मोकळी होते. दुसरी घरापुरती, दिवे-पंखा-फ्रिज तासन् तास चालवणारी, जाड प्लेटांची. आपल्या घरातली इन्व्हर्टरची बॅटरी म्हणजे या दुसरीची सख्खी बहीण. पण एक फरक आहे. घरगाडीवाला माणूस आडरानात असतो, दुकान हाताशी नसते. म्हणून तो मीटर घेऊन आधी दोष शोधतो. आपल्या नाक्यावरच दुकान आहे, म्हणून आपण शोधतच नाही!

शिशाची बॅटरी ही काही नवलाई नव्हे. फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी ती १८५९ साली केली. शिसे, आम्ल, पाणी. तत्त्व अजूनही तेच. दोष शोधायला तीन प्रश्न पुरतात : भरते का? साठवते का? पोचते का?

पहिला प्रश्न, भरते का? चार-पाचशे रुपयांचा साधा मल्टिमीटर घ्यावा. चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात बॅटरीच्या टर्मिनलवर १४ व्होल्टच्या वर आकडा दिसला पाहिजे. रात्रभर लावूनही तो १३ च्या आसपासच घुटमळत असेल, तर दोष इन्व्हर्टरच्या चार्जरचाही असू शकतो. अशा वेळी नवी बॅटरी आणून उपयोग काय? तीही उपाशीच राहील. आणि अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण थर बसतात. म्हणजे चार्जरचा दोष वर्षभरात बॅटरीचा दोष होतो.

दुसरा प्रश्न, साठवते का? बॅटरी पूर्ण भरून, तारा सोडवून, रात्रभर तशीच ठेवावी. चार्जिंग थांबल्याबरोबर मोजलेला आकडा फसवा असतो. सकाळी १२.५ ते १२.७ व्होल्ट दिसले तर ठीक. १२.१ म्हणजे साधारण अर्धी. ११.८ म्हणजे जवळजवळ रिकामी. आणि आकडा साडेदहाच्या आसपास असेल, तर सहा सेलपैकी एक बसला असे समजावे, कारण प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्टचा असतो. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर आणखी स्पष्ट सांगतो. सहाही सेलांचे आकडे सारखे खाली असतील तर बॅटरी उपाशी आहे. पाच बरे आणि एकच ०.०५० ने मागे असेल तर तो सेल आजारी आहे. यांतली पहिली बॅटरी पुष्कळदा पूर्ण, सावकाश चार्जिंगने सावरते. दुसरी सावरत नाही.

पण व्होल्ट बरोबर असूनही बॅटरी आतून पोकळ असू शकते. त्यासाठी घड्याळ लावावे. ७५ वॉटचे दोन पंखे आणि ९ वॉटचे चार दिवे मिळून १८६ वॉट होतात. इन्व्हर्टरची घट धरून बॅटरीतून साधारण १८ अँपिअर जातात. १५० अँपिअर-तासांच्या चांगल्या बॅटरीने एवढा भार पाच-सहा तास तरी ओढला पाहिजे. दोन तासांत दम लागला तर तिचे वय झाले. मग खुशाल बदलावी.

तिसरा प्रश्न, पोचते का? आपल्या खाऱ्या, दमट हवेत टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर फार लवकर चढतो. भार चालू असताना आधी बॅटरीच्या खुंटावर मोजावे, मग तारेच्या टोकावर. अर्ध्या व्होल्टचा फरक असेल तर बॅटरी निर्दोष आहे, दोष त्या थराचा. तारा सोडवून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने खुंट पुसावेत (पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नये), वर व्हॅसलिन लावावे. खर्च दहा रुपये!

आणि पाणी. डिस्टिल्ड वॉटरच घालावे, नळाचे किंवा विहिरीचे नव्हे. आम्ल तर कधीच घालू नये. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तेव्हा जवळ समई नको, उदबत्ती नको. हातातली अंगठी-बांगडी काढून ठेवावी.

कोणी म्हणेल, एवढा व्याप कशाला? पाच वर्षे झाली की बदलायची. पाच वर्षे नीट चालली असेल तर माझीही हरकत नाही. पण दोन वर्षांत ‘गेली’ म्हणतात त्यांनी थांबावे. प्रश्न फक्त पैशांचा नाही. त्या पेटीत कित्येक किलो शिसे आणि आम्ल आहे. ती भंगारवाल्याकडे जाऊन कुठल्यातरी परसात वितळवली गेली, तर ते विष तिथल्या मुलांच्या रक्तात जाते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती नोंदणीकृत ठिकाणीच गेली पाहिजे. जुनी देताना पावती मागणारे आपल्यात किती?

मात्र सगळा दोष दुकानदाराला देणेही बरे नव्हे. तपासायला तास-दोन तास लागतात आणि त्याचे पैसे द्यायला आपण तयार नसतो. ‘नुसते बघितले त्याचे कसले पैसे?’ हे वाक्य आपलेच ना? बघण्याचे मोल नाही आणि विकण्यातच नफा, मग तो विकणारच. वाड्यावरचा जो मेस्त्री मीटर लावून ‘बॅटरी बरी आहे, तार बदला’ असे सांगतो, त्याने आपले हजारो रुपये वाचवलेले असतात. त्याला आपण चहा पाजतो आणि वाटेला लावतो. अशाने हा जाणता माणूस उद्या उरणार नाही, उरतील फक्त विक्रेते.

तेव्हा यंदा चवथीपूर्वी दोन गोष्टी कराव्यात. कोणी ‘गेली’ म्हटले की ‘आकडा दाखवा’ म्हणावे. आणि ज्याने आकडा दाखवला त्याच्या हातावर, बॅटरी विकत घेतली नाही तरी, तपासणीचे पैसे ठेवावेत.