विश्लेषण : रंग खरवडून चित्र! बालवाडीतला ‘स्ग्राफितो’ मुलांना काय देतो?

कागदावर तेलखडू दाबून पिवळे, लाल, हिरवे पट्टे रंगवायचे. त्यावर काळ्या रंगाचा जाड थर. तो वाळला, की आइस्क्रीमच्या काडीने खरवडायचे. काळ्यातून रंगीत रेघ उमटते. उन्हाळी शिबिरांत ‘स्क्रॅच आर्ट’ म्हणून चालणारा हा खेळ म्हणजे ‘स्ग्राफितो’ या जुन्या तंत्राचे बालरूप.

हे तंत्र कुठले?
इटालियनमध्ये ‘स्ग्राफियारे’ म्हणजे ओरखडणे. प्रबोधनकाळात फ्लॉरेन्समधील वाड्यांच्या भिंतींवर गडद गिलावा, त्यावर चुन्याचा पांढरा थर देऊन तो ओला असतानाच खरवडून नक्षी काढत. चित्रकार जॉर्जो वझारीने १६व्या शतकात ही कृती लिहून ठेवली. ओरखडून शिकणे आपल्यालाही नवे नाही. फळीवर बारीक धूळ पसरून बोटाने अक्षरे गिरवायची धूळपाटी आपल्याकडे होतीच.

रंग निघतो कसा?
तेलखडूतील मेण पाणी शोषत नाही. त्यामुळे वरचा रंग कागदात मुरत नाही, नुसता बसून राहतो. नुसता जलरंग मात्र थेंब थेंब होऊन ओघळतो. त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकले, की पृष्ठताण कमी होतो आणि थर सारखा बसतो.

मुलांना काय मिळते?
मनगटातील आठही हाडे जन्मतः कूर्चेची असतात. ती वर्षानुवर्षे हळूहळू कठीण होतात. तरीही तीन वर्षांच्या हातात चाररेघी वही दिली जाते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०ने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा खेळातून शिकण्यासाठी ठेवला, पण पालकांना वहीची पाने भरलेली हवी असतात. खरवडताना जोर किती लावायचा, कागद कुठे फाटतो, हे हाताला आपोआप कळते. शिवाय रेघ चुकली, असे यात काही नसतेच.

अडचण मोठ्यांची आहे. स्नेहसंमेलनाच्या फलकासाठी ताईच चित्र ‘नीट’ करून देतात. बाजारातील तयार काळे कागद आणले, तर रंग माखण्याची अर्धी मजा आधीच जाते.

तिनाखालच्या मुलांसाठी ताटात रंगीत कागद ठेवून त्यावर रवा पातळ पसरावा. काडीऐवजी बोट पुरे. टूथपिक कोणत्याच वयाला नको. खाली जुने वर्तमानपत्र अंथरावे. ई-पेपर इथे उपयोगाचा नाही.