आत्याचा रिमोट आणि आपली हुशारी

गेल्या महिन्यात आत्याला सहज फोन केला. संध्याकाळचे साडेसात वाजले होते, म्हणजे तिच्या मालिकांची वेळ. एरवी या वेळेला फोन केला की "जाहिरात लागली की करते रे" एवढं बोलून ती ठेवून देते. त्या दिवशी मात्र निवांत बोलत बसली. मी विचारलं, "आज टीव्ही नाही का?" तर म्हणाली, "आताशा नाही बघत. डोळे दुखतात."

शनिवारी ठाण्याहून लोकल पकडून डोंबिवलीला गेलो. टीव्ही लावून बघितला. निळा पडदा आणि मधोमध 'नो सिग्नल'. चुकून सोर्स बदलला गेला होता, बाकी काही नाही. एक बटण दोनदा दाबलं, बातम्या सुरू.

"कधीपासून असं आहे?"
"झाले असतील नऊ-दहा दिवस."
"मग मला सांगायचं नाही का?"
"अरे, मागच्या वेळी तू नीट सांगून गेला होतास. परत परत काय विचारायचं? तू कामात असतोस."

डोळेबिळे काही दुखत नव्हते. बाईला विचारायची लाज वाटत होती. एकटी राहणारी ८२ वर्षांची बाई नऊ-दहा संध्याकाळी गप्प बसून होती, आणि वर माझ्यासाठी डोळ्यांचं निमित्त शोधून ठेवलं होतं. आणि मी? मागच्या खेपेला "आत्या, किती वेळा सांगायचं गं" असं म्हणालो होतो. हसत म्हणालो होतो, पण म्हणालो होतो.

तर मंडळी, "म्हाताऱ्या माणसांना टेक्नॉलॉजी जमत नाही" हे जे वाक्य आपण चहा पिता पिता टाकतो ना, ते साफ खोटं आहे. आणि आपल्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या तोंडी तर ते जास्तच खोटं आहे, कारण त्यामागचं खरं कारण आपल्याला माहीत असतं.

आता आमची आत्या कोण, तर ट्रंक ऑपरेटर. बॉम्बे टेलिफोन्समध्ये लागली, १९८६ मध्ये त्याचं एमटीएनएल झालं, तिथूनच रिटायर झाली. समोर भोकांनी भरलेला बोर्ड, हातात दोऱ्या आणि प्लग, कानाला हेडफोन. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे तीन दर्जे, त्यात पुन्हा पीपी कॉल, म्हणजे नाव सांगितलेला माणूस फोनवर आला तरच जोडायचा. एका वेळी अनेक कॉल डोक्यात ठेवायचे. आपल्यापैकी कितीजण त्या खुर्चीवर एक शिफ्ट टिकले असते? मी तरी नसतो टिकलो. आणि या बाईला रिमोट 'जमत नाही'?

फरक सरळ आहे. त्या बोर्डावर काय चाललंय ते डोळ्यांना दिसायचं. दिवा लागला म्हणजे कॉल आलाय. दोरी खोचलेली आहे म्हणजे लाइन जोडलेली आहे. टीव्हीचं सगळं पोटात. तो कुठल्या अवस्थेत आहे हे बाहेरून कळायला मार्गच नाही.

हे असं कधी झालं तेही आठवून बघा. पूर्वी केबलची वायर थेट टीव्हीत जायची. एक रिमोट, एक आकडा, एक चॅनल. मग केबल डिजिटल करायचा कायदा आला. मुंबईत ऑक्टोबर २०१२ अखेर ॲनालॉग बंद झालं. दुसऱ्या टप्प्यात ३८ शहरं होती, मुदत ३१ मार्च २०१३. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली दोन्ही त्या यादीत होती. घरोघर सेट-टॉप बॉक्स आले आणि बॉक्सबरोबर आला दुसरा रिमोट. चित्र सुधारलं, चॅनल वाढले, सगळं मान्य. पण त्या दिवसापासून टीव्ही लावणे या एका कामाची तीन कामं झाली, आणि हे कोणी आत्याला विचारून केलं नाही.

जरा आकडेमोड करू, आपला धंदाच तो. टीव्ही चालू किंवा बंद, म्हणजे २. बॉक्स चालू किंवा बंद, म्हणजे २. सोर्स धरा पाच: टीव्ही, एव्ही, एचडीएमआय एक, एचडीएमआय दोन, यूएसबी. २ गुणिले २ गुणिले ५ म्हणजे २० अवस्था. त्यातल्या फक्त एका अवस्थेत मालिका दिसते. दहांमध्ये पडदा काळा आणि उरलेल्या नवांमध्ये जवळजवळ सारखाच 'नो सिग्नल'. म्हणजे चूक झालीय एवढंच कळतं, कुठली झालीय ते नाही. वर पॉवरचं बटण असं की तेच चालू करतं आणि तेच बंद. टीव्ही बंद आणि बॉक्स चालू असताना घाबरून दोन्ही रिमोटची पॉवर दाबली की टीव्ही चालू, बॉक्स बंद. पुन्हा दोन्ही दाबा, उलट. बसा सीसॉ खेळत. ऑफिसात असा कोड कोणी लिहिला तर रिव्ह्यूमध्ये आपण त्याचे वाभाडे काढू. घरात मात्र आपण आईचे काढतो.

आपल्याच क्षेत्रात लॅरी टेस्लर नावाचा माणूस होऊन गेला. कट-कॉपी-पेस्ट आपल्यापर्यंत आणणाऱ्यांपैकी एक, २०२० मध्ये गेला. एकच बटण वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं वागतं, म्हणजे ज्याला आपण मोड म्हणतो, त्याविरुद्ध तो आयुष्यभर भांडला. गाडीच्या नंबरप्लेटवरसुद्धा त्याने 'नो मोड्स' असं लिहून घेतलं होतं. तेव्हा दोष कुठे आहे हे शोधायला आता नव्या संशोधनाची गरज नाही. अमेरिकेत झेनिथ कंपनीने १९५६ मध्ये काढलेल्या स्पेस कमांड रिमोटला तर बॅटरीसुद्धा लागत नव्हती. बटण दाबलं की आतली धातूची कांडी वाजायची आणि तो कानाला न ऐकू येणारा आवाज टीव्ही ओळखायचा. चार बटणांच्या रिमोटवर चॅनल पुढे, चॅनल मागे, चालू-बंद आणि आवाज बंद. संपलं.

आता माझा गाढवपणा सांगतो. मी घरी येऊन ताबडतोब ऑनलाइन एक 'सीनियर सिटिझन स्पेशल' रिमोट मागवला. मोठ्ठी बटणं, फक्त सात. आत्या खूश. तिसऱ्या आठवड्यात सेल बदलले आणि त्याची सगळी मेमरी साफ. शिवाय पॉवरच्या शेजारीच 'सेट' बटण, ते दाबून धरलं की साहेब शिकण्याच्या मोडमध्ये. बटणं कमी केली म्हणजे वस्तू सोपी झाली असं नसतं. चुकलेल्या जागेवरून परत येता आलं पाहिजे, किंवा मुळात तिथे जाताच येता कामा नये.

आणि आकडे! त्या सात बटणांत आकडे नव्हते. हल्लीच्या स्मार्ट टीव्हीच्या रिमोटवरही बऱ्याचदा नसतात. त्यांच्या जागी ॲपवाल्या कंपन्यांच्या नावांची बटणं, कारण त्या जागेचे पैसे मिळतात. आत्याला तिच्या चॅनलचे नंबर तोंडपाठ आहेत. टेलिफोन ऑपरेटर आहे ती, नंबर लक्षात ठेवणं हे तिचं आयुष्यभराचं काम. नेमकं तेच आपण तिच्या हातातून काढून घेतो आणि चकचकीत मेनू देतो.

शेवटी जे केलं ते असं. डोंबिवली स्टेशनजवळ पिशव्यांमध्ये रिमोट टांगलेलं दुकान आहे, तिथून तिच्या बॉक्सचाच साधा, आकड्यांचा रिमोट घेतला. त्यात ५ वर उंचवटा आहे ना, ते बोटाने बघून घेतलं. अशा बऱ्याच रिमोटवर टीव्हीसाठी तीन-चार शिकाऊ बटणं असतात. दोन रिमोट समोरासमोर धरून फक्त टीव्हीची पॉवर आणि आवाज शिकवला. सोर्स मुद्दाम शिकवला नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन तो थेट एचडीएमआय एकवरच सुरू होईल असं केलं. बॉक्स कायम चालू ठेवायचा. १० वॅट धरले तरी महिन्याला सातच युनिट. मेन स्विच बंद-चालू करून बघितलं, लाइट जाऊन आल्यावर बॉक्स आपला आपण सुरू होतो. ही खात्री झाल्यावरच रिमोट उघडून बॉक्सच्या पॉवर बटणाखाली सेलोटेपचा तुकडा चिकटवला. आता ते कितीही दाबा, काही होत नाही. टीव्हीचा मूळ रिमोट कपाटात. वीस अवस्थांच्या राहिल्या दोन: टीव्ही चालू, टीव्ही बंद.

(टीव्हीचा रिमोट ब्लूटूथवर चालणारा असेल तर ही नक्कल सहसा जमत नाही. टीव्ही घेतानाच हे विचारा. दुकानदार वैतागेल, वैतागू दे.)

यावर मित्रांची उत्तरं ठरलेली. एक म्हणतो, आता बोलून चालणारे रिमोट आलेत. आलेत ना. पण बोलल्यावर तो जिथे नेऊन सोडतो तिथून परत कसं यायचं, हा प्रश्न तसाच राहतो. दुसरा म्हणतो, मार्केट छोटं आहे. २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढची माणसं दहा कोटींच्या वर होती. हे छोटं? आणि दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चं कलम ४२ सांगतं की रोजच्या वापरातली इलेक्ट्रॉनिक उपकरणं सर्वांना वापरता येतील अशा रचनेत मिळावीत यासाठी सरकारने पावलं उचलावीत. मोतीबिंदू आणि थरथरणारा हात यांना अशाच रचनेची गरज असते. बॉक्स सक्तीने घ्यायला लावता येतो, तर बॉक्सबरोबर एक साधा रिमोट द्यायची सक्ती का नाही?

तिसरा म्हणतो, "अरे, शिकव ना नीट, येईल त्यांना." याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. आठ तास बसून कुठल्या तरी परदेशी गिऱ्हाईकाला एक क्लिक कमी पडावी म्हणून आपण मीटिंगा करतो. तिथे "युजरला शिकवा" म्हणालो तर मॅनेजर हाकलून देईल. घरच्या युजरला मात्र आपण शिकवायला निघतो, आणि तेही आवाज चढवून.

परवा साडेसातला आत्याला फोन केला. "जाहिरात लागली की करते," म्हणाली आणि ठेवून दिला. केला नाही नंतर, विसरली असणार. असो.

तुमच्या घरीही कोणाचे तरी 'डोळे दुखत' असतील. या रविवारी जा, रिमोट त्यांच्या हातात द्या आणि मागे खुर्ची टाकून बसा. काही सांगू नका, फक्त ते कुठे अडतात ते लिहून घ्या. जे लिहाल तो तुमच्यासाठी बग रिपोर्ट आहे. दुरुस्त करायचा तो टीव्ही. आई, आत्या, आजोबा जसे आहेत तसे ठीक आहेत.