बालपणची करमणूक व तिची नोंद

गेलेला काळ तेवढा चांगला, असें म्हणण्याची खोड मनुष्यास फार पुरातन आहे. आणि आमची पिढीहि तिला अपवाद नाहीं. १९७० ते १९८० ह्या दशकांत ज्यांचें बालपण महाराष्ट्रांत गेलें, असे आम्ही लोक आतां साठीच्या आसपास आलों आहों. दोघे-तिघे एकत्र जमलों कीं रेडिओ, तंबूंतील सिनेमा, गणपतींतले खेळ ह्यांच्या गोष्टी निघतात. तरुण मंडळी थोडा वेळ सौजन्यानें ऐकून घेतात व मग हातांतील फोनकडे वळतात. त्यांस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. ह्या आठवणींचें पुढें काय करावें, एवढाच प्रश्न आज विद्यार्थिवाचकांपुढें मांडावयाचा आहे.

त्या काळीं करमणूक थोडी होती व तिची वेळ ठरलेली असे. बुधवारीं रात्रीं आठ वाजतां रेडिओ सिलोनवर अमीन सयानी ह्यांचा आवाज आला म्हणजे आळींतल्या सर्व खिडक्यांतून ‘बिनाका गीतमाला’ एकदमच ऐकूं येई. रस्त्यानें चालत गेलें तरी गाण्याचें एक कडवेंहि चुकत नसे. रेडिओ बाळगावयाचा म्हणजे पोस्टांतून परवाना काढावा लागे. मुंबई केंद्रावरील ‘कामगार सभा’ व ‘आपली आवड’ ऐकत घरोघर स्वयंपाक होत. पुढें २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबईस दूरदर्शन केंद्र सुरू झालें. चित्रें काळीं-पांढरीं, रंग यावयास १९८२ साल उजाडावें लागलें. ज्याच्या घरीं संच असेल त्याच्या घरीं रविवारीं सायंकाळीं चित्रपट पाहावयास सारी चाळ लोटे. १९७५ सालीं ‘शोले’ आला, आणि त्यांतील संवादांच्या तबकड्या लग्नाच्या मांडवांत व गणपतीपुढें इतक्या वाजल्या कीं, चित्रपट पाहण्यापूर्वींच ते आम्हां मुलांस तोंडपाठ झाले. त्याच वर्षीं ‘जय संतोषी माँ’ पाहावयास कित्येक प्रेक्षक पादत्राणें काढून आंत बसत व पडद्यावर पैसे उधळीत. खेड्यांत जत्रेच्या दिवसांत तंबू उभे राहत. गणेशोत्सवांत गल्लींत पांढरें कापड ताणून चित्रपट दाखवीत, तेव्हां पुढें जागा न मिळालेलीं मुलें पडद्यामागें बसत. त्यांचा नायक डावखुरा असे!

हीं गाणीं व हे चित्रपट आजहि हवे तेव्हां ऐकावयास-पाहावयास मिळतात. मग हळहळ कशाची? आमच्या मतें ती वस्तूंची नसून संगतीची आहे. एकाच घटकेस साऱ्या गांवानें एकच गोष्ट ऐकावी आणि दुसऱ्या दिवशीं शाळेंत तिच्यावर वाद घालावा, हें सुख आतां विरळ झालें आहे.

परंतु येथेंच सावध राहिलें पाहिजे. कारण ह्या गोडव्यांत असत्य सहज मिसळतें. ज्या १९७२ सालीं मुंबईस दूरदर्शन आलें, त्याच सालीं महाराष्ट्र दुष्काळानें होरपळत होता. लाखों माणसें सरकारी कामांवर खडी फोडीत होतीं, आणि परदेशांतून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी खात होतीं. त्यांच्या मुलांचेंहि तेंच दशक व तेंच बालपण. शहरांत देखील संच असलेल्या घरीं कोणास आंत बसवीत, कोणास उंबऱ्याबाहेर उभें करीत, आणि कोणाच्या तोंडावर दार लावून घेत. ह्याचें कारण पुष्कळदां जात हेंच असे. तमाशाच्या ढोलकीचें कौतुक आम्ही आज करतों, पण घरच्या मुलींस तिकडे फिरकूं देत नसत, आणि फडावर नाचणाऱ्या स्त्रियांस गांवांत मान नसे. राष्ट्रपतींच्या हस्तें गौरव झालेल्या विठाबाई नारायणगांवकर ह्यांचेहि अखेरचे दिवस हलाखींत गेले व २००२ सालीं त्यांचा अंत झाला. आमच्या गोड आठवणींत हें सारें आलें नाहीं, तर त्या आठवणी नव्हेत. ती आत्मस्तुति होय.

दुसरी गोष्ट अशी कीं, आठवण कितीहि खरी असली तरी ती माणसाबरोबर जाते. लिहिलेलें तेवढें मागें राहतें. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तक मंडळानें १९७१ सालीं सुरू केलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक आज संगणकावर सर्वांस विनामूल्य वाचावयास मिळतात, कारण ते छापलेले होते. रत्नाकर मतकरी ह्यांचें ‘अलबत्या गलबत्या’ हें बालनाट्य २०१८ सालीं नव्या संचांत पुन्हां रंगभूमीवर आलें, कारण त्याची संहिता लिहिलेली होती. उलट, दूरदर्शनच्या आरंभींच्या वर्षांत चित्रफिती महाग असत. म्हणून दाखवून झालेला कार्यक्रम पुसून त्याच फितीवर दुसरा घेत. अशा रीतीनें कित्येक कार्यक्रम कायमचे नाहींसे झाले. आणि तंबूच्या सिनेमांत कोण येई, तिकिटाचे पैसे कोठून आणी, बायकांस कोठें बसवीत, हें तर कोणत्याच फितीवर कधीं उतरलें नाहीं. तें केवळ पाहणारांच्या मनांत आहे.

कोणी म्हणेल, “लढाया व तह ह्यांचा इतिहास सोडून असल्या क्षुल्लक करमणुकीची नोंद कशास?” आमचें उत्तर असें कीं, दिवसभर राबलेलीं माणसें सायंकाळीं कशानें हंसत, कशानें रडत, व कोणास आपल्या शेजारीं बसूं देत, हें ज्यास ठाऊक नाहीं, त्यास त्या काळचा समाज ठाऊक नाहीं. तहाचे कागद सरकारी दप्तरांत सुरक्षित असतात. उंबऱ्याबाहेर उभ्या राहिलेल्या मुलाचा कागद कोणत्याहि दप्तरांत नसतो.

म्हणून विद्यार्थ्यांस आमचें सांगणें आहे कीं, येत्या सुट्टींत एक वही घ्या व घरांतील वडील माणसांजवळ बसा. आजीस विचारा, तूं पहिला चित्रपट कोठें पाहिलास, कोणाबरोबर गेलीस, कोणाची परवानगी मागावी लागली? शेजारच्या आजोबांस विचारा, तुमच्या आळींत पहिला संच कोणाकडे आला, आणि तुम्हांस आंत घेतलें काय? गांवाचें नांव व साल लिहा. जें उत्तर मिळेल तें जसेंच्या तसें लिहा. कडू असलें म्हणून गाळूं नका, व गोड असलें म्हणून वाढवूं नका. आणि आमच्या समवयस्कांसहि एक विनंति: मुलें विचारावयास आलीं म्हणजे ‘आमच्या वेळीं असें नव्हतें’ एवढेंच सांगून त्यांस परत पाठवूं नये, तर कसें होतें, तें सर्व सांगावें. अशा वह्या तयार झाल्यास संपादकांनीं त्यांतील निवडक मजकुरास पुढील वर्षींच्या अंकांत जागा द्यावी, ही आमची सूचना आहे. सांगणारीं माणसें दरवर्षीं कमी होत आहेत, हें ध्यानांत ठेवून कामास लवकर लागलेलें बरें.