विमान नंतर, चार्जर आधी!



रेडिओने उडवायचे विमानाचे मॉडेल घ्यायचे म्हणून तुमच्यापैकी काही जण वर्षभर पैसे साठवत असतील. पंख केवढे असावेत, मोटर कोणती घ्यावी, यावर मधल्या सुट्टीत वादही रंगत असतील. मग अगदी शेवटी, उरलेल्या पैशांत बसेल तो चार्जर घेतला जातो. हा क्रम उलटा असला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. विमान थोडे लहान घेतले तरी काही बिघडत नाही. चार्जर मात्र पूर्ण विचार करून घ्यावा.

असे का म्हणतो, ते पाहू. आजच्या विजेवर उडणाऱ्या मॉडेलमध्ये बहुधा लिथियम-पॉलिमर बॅटरी असते. तीन सेलची, ११.१ व्होल्टची, २२०० एमएएच क्षमतेची बॅटरी तुम्ही पाहिली असेल. ११.१ ला २.२ ने गुणा. सुमारे २४.४ वॅट-तास, म्हणजे जवळजवळ ८८ हजार ज्यूल ऊर्जा झाली. एवढ्या ऊर्जेत ५० किलो वजनाच्या मुलाला १८० मीटर, म्हणजे कुतुबमिनाराच्या जवळजवळ अडीचपट उंच उचलता येईल! आणि ही सारी ऊर्जा पावशेराहून हलक्या पुडक्यात कोंडलेली असते. ती कोंडण्याचे काम चार्जर करतो. त्यात चूक झाली, तर काय होईल याची कल्पना तुम्हाला करता येईल.

पूर्वीच्या निकेल-कॅडमियम बॅटरीचा स्वभाव सोशिक होता. क्षमतेच्या एकदशांश प्रवाहाने तिला रात्रभर लावून ठेवले, तरी सकाळी ती फक्त कोमट झालेली असे. लिथियमचे तसे नाही. तिचा प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो आणि तेथेच थांबावे लागते. पुढे गेल्यास ऋणाग्रावर धातुरूप लिथियम साचू लागते, आतील द्रवाचे विघटन होऊन वायू निर्माण होतो आणि बॅटरी फुगते. आतील पातळ पडदा फाटला की दोन्ही अग्रे एकमेकांना भिडतात. तो द्रव ज्वालाग्राही असल्यामुळे मग आगच लागते.

ही चूक मी स्वतः केली आहे. २०१४ साली अनेक प्रकारच्या बॅटऱ्या भरणारा एक चार्जर मी घेतला आणि घाईघाईत त्यावर निकेलचा पर्याय निवडून लिथियमची बॅटरी जोडली. निकेलचा सेल भरत आला की त्याचा व्होल्टेज किंचित उतरतो आणि तो उतार दिसताच चार्जर थांबतो. लिथियममध्ये असा उतार येतच नाही. बिचारा चार्जर न येणाऱ्या गोष्टीची वाट पाहत प्रवाह सोडत राहिला. मी चहा घेऊन परत आलो, तेव्हा बॅटरी उशीसारखी फुगली होती आणि खोलीभर गोडसर वास पसरला होता. वायर उपटली, चिमट्याने बॅटरी धरून अंगणातल्या वाळूत टाकली. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने हे करावे! त्या दिवसापासून सुरू करण्याआधी पडदा दोनदा वाचतो, आणि बॅटरी चार्जरला लावली की खोली सोडून जात नाही.

आता निवडीचा मुख्य मुद्दा. तीन सेल एकापुढे एक जोडलेले आहेत आणि एकूण व्होल्टेज १२.६ आहे. बॅटरी ठीक भरली म्हणायची का? प्रत्येक सेल ४.२ वर असेल तर होय. पण ४.३५, ४.१५ आणि ४.१० यांची बेरीजही १२.६ च होते! पहिला सेल धोक्यात आहे आणि बेरजेला त्याचा पत्ताच नाही. वर्गाच्या सरासरी गुणांवरून एखादा मुलगा नापास झाल्याचे कळत नाही, तसेच हे. म्हणून बॅटरीला दोन जाड वायरींशिवाय बारीक वायरींचा एक पांढरा प्लग असतो. त्यातून प्रत्येक सेलचा व्होल्टेज वेगळा मोजणारा आणि सेल समान पातळीवर आणणारा, म्हणजे बॅलन्स करणारा चार्जरच घ्यावा. ज्याला हा प्लग लावायची सोय नाही, असा चार्जर फुकट मिळाला तरी या बॅटरीसाठी नको.

तीन दिव्यांचा छोटा, स्वस्त चार्जर तुम्हाला दुकानात दिसेल. त्याला मी वाईट म्हणणार नाही. तो प्रत्येक सेल स्वतंत्रपणे भरतो. पण तो दोन किंवा तीन सेलपुरताच आहे, आणि त्याचा प्रवाह साधारण ०.८ अँपिअर धरला तर वरची बॅटरी भरायला तीन तास तरी लागणार.

उलट काही जण खोक्यावरचे मोठे आकडे पाहून फसतात. ‘६ अँपिअर, ८० वॅट’ असे लिहिलेले असते. सहा सेलची बॅटरी भरत आली की तिचा व्होल्टेज २५.२ होतो. ८० ला २५.२ ने भागा. जेमतेम ३.२ अँपिअर! म्हणून अँपिअरआधी वॅट पाहा. आणि तुम्हाला गरज तरी किती? २२०० एमएएचची बॅटरी तासाभरात भरायची तर २.२ अँपिअर पुरतात. २.२ गुणिले १२.६ म्हणजे सुमारे २८ वॅट. ५० वॅटचा चार्जर नवशिक्याला भरपूर झाला.

बारा व्होल्टच्या मोटारीच्या बॅटरीवरही चालणारा चार्जर मैदानावर उपयोगी पडतो. मात्र आमच्या ओळखीच्या एका काकांनी गाडीवर दिवसभर दहा बॅटऱ्या भरल्या आणि संध्याकाळी सर्वांना मिळून गाडी ढकलावी लागली, हेही ध्यानात असू द्या.

माझी आणखी एक सूचना आहे. शाळेत विमान-मॉडेलचे मंडळ असेल तर प्रत्येकाने कसाबसा चार्जर घेण्यापेक्षा सर्वांनी वर्गणी काढून एकच चांगला घ्यावा. तो शाळेच्या प्रयोगशाळेत, फरशीच्या ओट्यावर, शेजारी वाळूची बादली ठेवून आणि शिक्षकांच्या देखत वापरावा. घरी गादीवर किंवा पडद्याजवळ लावलेले दहा चार्जर मला धोक्याचे वाटतात. पालकांना न सांगता रात्री लावून झोपणारेही तुमच्यात असतील!

घेताना ‘स्टोरेज’ हा पर्याय आहे ना, तेही पाहा. पूर्ण भरलेली लिथियम बॅटरी तशीच महिनोन्‌महिने ठेवली तर तिची क्षमता घटते. परीक्षा जवळ आली की विमान कपाटावर जाते. त्याआधी या पर्यायाने प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवा. मग मे महिन्याच्या सुट्टीत पुन्हा पूर्ण भरा आणि मैदान गाठा.