अंधारात ठरणारा निकाल

फुटबॉलचा सामना मध्येच थांबला तर त्यावर लावलेल्या पैजांचे काय, हा प्रश्न वरवर पाहता सटोडियांच्या घरचा हिशेब वाटतो. वस्तुतः तो तेवढाच नाही.

३ नोव्हेंबर १९९७ रोजी लंडनच्या अप्टन पार्क मैदानावर वेस्ट हॅमने क्रिस्टल पॅलेसविरुद्ध पिछाडीवरून २-२ अशी बरोबरी साधली आणि सारे दिवे गेले. २२ डिसेंबरला सेलहर्स्ट पार्कवर विम्बल्डन-आर्सेनल सामना गोलशून्य असताना, उत्तरार्ध सुरू होतो न होतो तोच पुन्हा अंधार! तेव्हा तो बिघाडच वाटला. उलगडा फेब्रुवारी १९९९ मध्ये झाला. चार्ल्टन-लिव्हरपूल सामन्याच्या तोंडावर पोलिसांनी एक टोळी पकडली. मैदानाच्या सुरक्षारक्षकाला लाच देऊन दूरनियंत्रकाने दिवे घालवण्याचा तिचा बेत होता आणि सूत्रे मलेशियातील सट्टेबाजांकडे होती. आधीच्या दोन्ही सामन्यांमागे हीच मंडळी असावीत, हा संशय मग बळावला.

दिवे घालवून मिळते काय? ब्रिटनमधील अधिकृत पेढ्यांचा सर्वसाधारण नियम असा की, ९० मिनिटांचा खेळ पूर्ण झाला नाही तर निकालावरील पैज रद्द आणि रक्कम परत. आशियाई सट्टा बाजारात मात्र मध्यंतरानंतर सामना थांबला तर त्या क्षणीची गोलसंख्या अंतिम मानून पैसे चुकते होत. म्हणजे आकडा सोयीचा दिसताच कळ दाबायची! ना खेळाडू फितवायला हवा, ना पंच. एक रखवालदार पुरे. लोभ तर सर्वत्रच असतो, पण येथे नियमानेच त्याला वाट करून दिली.

ब्रिटिश नियमही निर्दोष नाही. १६ डिसेंबर २०२३ रोजी बोर्नमथ येथे लूटनचा कर्णधार टॉम लॉकियर हृदयक्रिया बंद पडून मैदानावरच कोसळला. सुदैवाने तो वाचला. १-१ वर थांबलेला हा सामना १३ मार्च २०२४ रोजी पहिल्यापासून खेळवला गेला आणि ०-३ अशा पिछाडीवरून बोर्नमथने तो ४-३ असा जिंकला. आधीचे गोल जमेस धरले गेले नाहीत. परंतु पेढ्यांच्या प्रचलित नियमाप्रमाणे ‘पहिला गोल कोणाचा’ यासारख्या, आधीच निकाल लागलेल्या पैजा अशा वेळी कायम राहतात. ज्या गोलाला स्पर्धेच्या लेखी अस्तित्वच नाही, त्यावर पैसे मिळावेत हे विचित्रच!

ब्रिटनमध्ये २००५ च्या कायद्यामुळे, २००७ पासून, पैजेच्या पैशासाठी निदान न्यायालयात तरी जाता येते. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याचे कलम ३० पैजेचा करारच निरर्थक ठरवते. तेव्हा चोरट्या बाजारात बुकी म्हणेल तोच नियम. खेळ अपुरा राहिला तर सरसकट सर्व रक्कम परत करावी, असे माझे मत आहे. ज्याने पहिला गोल अचूक ओळखला त्याच्यावर यात अन्याय होईल, हा आक्षेप मला मान्य आहे. तथापि, दिवे विझवण्यापुरता रखवालदार विकत घेण्यात मग कोणालाही लाभ उरणार नाही.