वत्सगुल्माचे दोन दानलेख

आजचे वाशीम ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. या शाखेच्या काळातील दोन दाने कार्यकर्त्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहेत. वाशीम येथे सापडलेल्या ताम्रपटात द्वितीय विंध्यशक्तीने अथर्ववेदी ब्राह्मणांना गाव दिल्याची नोंद आहे. पुढे हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे भिक्षुसंघास अर्पण केले.

यावरून दोन्ही धर्म मुळात एकच, असा सोयीस्कर निष्कर्ष काढला जातो. तो टिकणारा नाही. कर्म, पुनर्जन्म ही परिभाषा दोहोंत आढळते, हे खरे. परंतु गौतम बुद्धांनी वेदप्रामाण्य, यज्ञ, जगत्कर्ता ईश्वर आणि नित्य आत्मा या चारही गोष्टी नाकारल्या. श्रेष्ठत्वाची कसोटी जन्माऐवजी आचरण ही ठरविली. नाभिक उपालीला संघात मानाचे स्थान लाभले ते त्यामुळेच.

तथापि राजाश्रयाने लेणी घडली, वर्णव्यवस्था मोडली नाही. दोन्ही दानांमागे घाम कष्टकऱ्यांचाच होता. पुण्य दात्याच्या नावे लिहिले गेले.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह स्वीकारलेला धम्म म्हणून वेगळा ठरतो. तेथे कोणी राजा दाता नव्हता. बहिष्कृतांनी स्वतःच निवड केली. मात्र दीक्षेने शेतजमीन मिळत नाही, हे ओळखून दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. समतेचा विचार धम्माने दिला आहे. तिला जमिनीचा आणि मजुरीचा आधार देणे हे समाजवाद्यांचे कर्तव्य होय.